पहिल्या पानावरचा हात

पंधरा दिवसांपूर्वी सृष्टी पहिल्यांदा सणसरला आली तेव्हा सर्जेरावांनी तिला फारशी किंमत दिली नव्हती. बारामतीहून स्कूटीवर आलेली, पाठीला लॅपटॉपची सॅक, वय असेल तेवीस-चोवीस. ही आपल्या गुऱ्हाळाची वेबसाइट करणार म्हणजे काय करणार, असं त्यांना वाटलं होतं. पण तिचा एक प्रश्न त्यांना आवडून गेला. या रस्त्याला सात-आठ गुऱ्हाळं आहेत, मग तुमच्याकडे असं काय आहे जे बाकीच्यांकडे नाही, असं तिनं विचारलं. सर्जेरावांनी नुसता उजवा हात तिच्यापुढं धरला.

मग रस उकळायच्या काहिलीपाशी नेऊन तिला समजावून सांगितलं. एका खेपेचा रस, म्हणजे आदन, आटत आलं की पळीभर उकळता रस परातीतल्या गार पाण्यात सोडायचा, बोटांनी त्याची गोळी वळायची आणि बोटांना कळलं की हात वर करायचा. हात वर झाला की चुलवाणावरच्या गड्यानं, बिरदेवानं, खालचा जाळ बाहेर ओढायचा. जरा घाई झाली तर ढेप बसत नाही, जरा उशीर झाला तर गूळ करपतो. पस्तीस वर्षं हा निवाडा सर्जेरावांची बोटं करत होती. "आन् आमचा बिरदेव तर असा तयार झालाय," ते कौतुकानं म्हणाले होते, "आताशा माझा हात उठायच्या आतच जाळ वढतो. माझ्या मनातलं त्याला कळतं." सृष्टीनं ते सगळं वहीत उतरवून घेतलं आणि वर ठळक लिहिलं, पहिल्या पानावर तात्यांचा हात.

आज ती कच्चं काम दाखवायला आली होती आणि पहिल्या पानावर हात नव्हता.

शेडला लागून ऑफिस म्हणून काढलेल्या खोलीत टेबलावर लॅपटॉप उघडा होता. सर्जेरावांनी चष्मा लावून सगळं दोनदा वाचलं. वर मोठ्या अक्षरात 'बाजीराव गुऱ्हाळ, सणसर', खाली गुळाच्या ढेपेचा फोटो. मग वड्या, काकवी, ऑर्डरचं बटण. 'आमच्याबद्दल' या पानावर त्यांच्या वडिलांचा, बाजीराव आबांचा, फेट्यातला फोटो. संपर्काला नंबर पुतण्याचा, ऋषिराजचा. शोधूनही त्यांना स्वतःचं नाव एकाच ठिकाणी सापडलं, तेही पत्त्यात.

"माझा हात कुठं गेला?" त्यांनी विचारलं.

सृष्टीनं आधी ऋषिराजकडं पाहिलं, मग दारात उभ्या असलेल्या सुनेकडं, राजलक्ष्मीकडं. सर्जेरावांच्या नजरेतून हे सुटलं नाही. ज्या पोरीला पैसे ते देणार होते ती उत्तरासाठी दुसऱ्यांची तोंडं बघत होती.

"फोटू नीट आला न्हवता, तात्या," ऋषिराज म्हणाला. "वाफंनं सगळं धुरकट दिसत हुतं."

"मग दुसरा काढायचा."

"काढू की."

"कवा?"

"बघू."

बघू या शब्दाची किंमत सर्जेरावांना पुरेपूर ठाऊक होती. सोसायटीत पंचवीस वर्षं संचालक असताना ज्याचं काम करायचं नाही त्या प्रत्येकाला त्यांनी हाच शब्द दिला होता. तो आज आपल्याच पुतण्याकडून ऐकायला मिळाला, हे त्यांना भलतंच लागलं.

ऋषिराज म्हणजे धाकट्या भावाचा, रविंद्रचा मुलगा. रविंद्र गेला तेव्हा तो सहावीत होता. सर्जेरावांनी त्याला पोटच्या पोरासारखं वाढवलं, शेतकीची पदवी दिली. स्वतःचा मुलगा इंद्रजित कारखान्यात नोकरीला लागला, त्याचं गुऱ्हाळाशी नातं संध्याकाळी चहा प्यायला येण्यापुरतं. तेव्हा हंगामाचा सगळा गाडा ऋषिराज आणि इंद्रजितची बायको राजलक्ष्मी ओढत होती. ओढत होती म्हणण्यापेक्षा त्यांनी तो हळूहळू आपल्या ताब्यात घेतला, असं आज सर्जेरावांच्या मनात आलं. एकदा असं मनात आलं की मागच्या बारीकसारीक गोष्टी आपोआप रांगेत येऊन उभ्या राहतात. आपण गेलो की दोघं बोलता बोलता गप्प होतात. गिऱ्हाइकाचा फोन आला की ऋषिराज शेडबाहेर जाऊन बोलतो. आणि राजलक्ष्मी. काहिलीच्या मागं रिकाम्या पोत्यांची थप्पी होती, गूळ उतरायच्या वेळेला ती नेमकी तिथं जाऊन उभी राही. तिथं तिचं काय काम, हे दोन हंगामांत त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

"तात्या, एक विचारायचं राहिलं," सृष्टी वातावरण सावरायला म्हणाली. "रसायनविरहित गूळ असं लिहू ना? सगळ्यात जास्त लोक तेच शोधतात. पण लिहिलं तर ते खरं पाहिजे, कुणी तपासणीला पाठवला तर अडचण नको."

"लिवा," राजलक्ष्मी दारातून पटकन म्हणाली.

"लिव की," ऋषिराजही तितक्याच घाईनं म्हणाला.

दोघांची ही घाई सर्जेरावांच्या डोक्यात जाऊन बसली. बाजारात पिवळाधमक गूळ खपतो आणि तो तसा करायला पांढरी पावडर मिळते, हे सगळ्या तालुक्याला माहीत होतं. दोन वर्षांपूर्वी ऋषिराजनंच विषय काढला होता, तात्या, रंग जरा उजळला तर बरं. तेव्हा त्यांनी त्याला असं झापलं होतं की आठवडाभर तो समोर आला नव्हता. तोच आज लिव म्हणतोय. सर्जेरावांनी मनात गणित मांडलं: पोत्यांमागं पावडर असणार, रस उतरायच्या टायमाला सून ती टाकत असणार. आणि आपला हात फोटोत नको, कारण उद्या बोभाटा झाला तर म्हातारा मधे यायला नको. की म्हाताऱ्यालाच आधी बाजूला सारायचं आणि मग मोकळं रान? दोन्हीतलं कुठलं खरं, हे ठरेना. दोन्ही खरं असावं, असंच त्यांना वाटलं.

"दुपारचं आदन उतरताना माझ्या हाताचं शूटिंग घ्यायचं," ते उठत म्हणाले. "घेटल्याबिगर ह्या पोरीला जाऊ द्यायचं न्हाय."

ऋषिराज काहीतरी बोलणार होता. राजलक्ष्मीनं त्याला डोळ्यांनीच थांबवलं. तेही सर्जेरावांनी पाहिलं.

जेवायला बसले तेव्हा त्यांनी बायकोपुढं सगळं ओकून टाकलं. दगडाबाई भाकरी थापता थापता ऐकत होती. एरवी सुनेविरुद्ध काही निघालं की ती दोन शब्द आपल्या पदरचे घाली. आज तव्यावरची भाकरी उलटण्यात ती गुंतून गेली होती.

"ती पोरं आपल्याला काढाय बघत्यात," सर्जेराव म्हणाले. "आधी फोटूतनं, मग काहिलीवरनं. आबांनी सांगून ठेवलंय, एका काहिलीला एकच हात. आपला हात पाण्यात पडला की दुसऱ्यानं त्यात बोट घालायचं न्हाय. ह्यांनी कधी पाळलं तर शपथ."

"फोटूत हात असला काय आन् नसला काय. गूळ तर तुमच्याच नावाचा हाय न्हवं?"

"तूबी त्यांच्याकडनं बोलाय लागली?"

भाकरी ताटात टाकताना दगडाबाईची नजर त्यांच्या हाताकडं गेली. तिनं हात धरून उजेडाकडं वळवला. उजव्या तर्जनीवर हरभऱ्याएवढा फोड टरारून आला होता.

"ह्यो कवाचा?"

"असंल सकाळचा. पळीचा लागला असंल." सर्जेरावांनी हात काढून घेतला. खरं तर तो फोड त्यांनीही आत्ताच पाहिला होता.

ती उठून मलम घेऊन आली. शुगरवाल्या डॉक्टरनं काय सांगितलंय ते आठवतंय का, असं काहीसं पुटपुटत होती. सर्जेरावांनी तिचा हात झटकला. घरातलं शेवटचं माणूसही फितूर झालेलं, आता मलम कसलं लावून घ्यायचं. ताटातली अर्धी भाकरी तशीच ठेवून ते शेडकडं चालू लागले.

दीडच्या सुमारास आदन उतरायला आलं. वाफेनं शेड भरून गेली होती, गोडसर वास पार रस्त्यापर्यंत जात होता. सृष्टीनं तिपाई लावून त्यावर मोबाइल बसवला. ऋषिराज उगाच इकडचं घमेलं तिकडं करत होता. खाली चुलवाणाच्या तोंडाशी बिरदेव चिपाड सारत बसला होता. तीस वर्षं हाच माणूस, हीच जागा. आणि काहिलीच्या पलीकडं, पोत्यांच्या थप्पीमागं, राजलक्ष्मी. कमरेच्या वरची तेवढी दिसत होती.

आज हिला रंगेहाथ धरायची, असं सर्जेरावांनी ठरवून टाकलं होतं. त्यांनी पळी उचलली, परात पुढं ओढली. तेवढ्यात सृष्टीनं हात दाखवून थांबवलं. लेन्सवर वाफ बसलीय, पुसून घेते, तोवर काही करू नका, म्हणाली. सर्जेराव थांबले. पळी काहिलीच्या काठाला टेकवली, पाठ फिरवली आणि ती मोबाइल कसा पुसते ते बघत उभे राहिले. परातीतलं पाणी कोरं होतं. त्यांचे दोन्ही हात खाली होते.

आणि त्यांच्या मागं जाळ ओढल्याचा खरखराट झाला.

सर्जेराव वळले. बिरदेवानं नेहमीसारखा, अगदी निर्धास्तपणे, चुलवाणातला जाळ ओढला होता. काहिलीतला फेस हळूहळू खाली बसत होता. बिरदेवाची मान वर होती, पण तो सर्जेरावांकडं बघत नव्हता. तो पोत्यांच्या दिशेनं बघत होता आणि तिथं राजलक्ष्मी डोक्यावरचा पदर सावरून नुकताच हात खाली घेत होती. मग बिरदेवाची नजर मालकावर पडली, त्यांच्या रिकाम्या हातांवर पडली. त्याचा चेहरा खाडकन उतरला.

सर्जेराव काहिलीला वळसा घालून गेले. राजलक्ष्मी बाजूला झाली नाही, पण तिनं त्यांना अडवलंही नाही. त्यांनी वरची चार पोती खेचून खाली टाकली.

पावडर नव्हती. एक पळी आणि एक लहान परात होती, परातीत पाणी, आणि पाण्याच्या तळाशी गुळाच्या पाच-सहा गोळ्या. काही मऊ, पसरलेल्या. एक घट्ट, वाटोळी, नुकती वळलेली.

सर्जेराव त्या गोळ्यांकडं बघत राहिले. संशय घ्यायला त्यांच्याकडं सकाळपासून भरपूर सामान होतं, आता त्यातलं काहीच उपयोगाचं राहिलं नाही.

"कवापासनं?" त्यांनी विचारलं.

"मागल्या हंगामापासनं," राजलक्ष्मी म्हणाली. तिनं मान खाली घातली नाही. "मागल्या दिवाळीत अकरा आदनं कडक झाली हुती, तात्या. करपट. गिऱ्हाइकांनी माघारी आणून टाकली."

"ती उसानं. त्या लोणी भापकर गावचा ऊस खराब हुता."

"ऊस चांगला हुता."

आता सर्जेरावांना तो लोणी भापकरचा माणूस आठवला. भर शेडमध्ये, चार लोकांदेखत, त्याला त्यांनी नाही नाही ते सुनावलं होतं. तो बिचारा हात जोडून ऊस चांगलाच आहे म्हणत राहिला होता आणि घरातलं एकही माणूस त्याच्या बाजूनं बोललं नव्हतं.

"तुमच्या बोटांना कळत न्हाय आता," राजलक्ष्मी म्हणाली. "शुगरनं बोटं बधिर झाल्यात. मामींच्या ध्यानात आधी आलं. गरम कप तुमी तसाच धरून बसायचा. पर तुमाला सांगायचं कुणी? आबांचा नेम मी मोडला. एका काहिलीला दोन हात झालं. काय बोलायचं ते मला बोला, भावजींना आन् बिरदेवमामांना नको."

म्हणजे दगडाबाईलाही ठाऊक होतं. सगळ्यांनाच ठाऊक होतं. बिरदेवाला मालकाच्या मनातलं कळतं, असं ते येईल त्या पाहुण्याला सांगत होते आणि ही सगळी माणसं शेजारी उभी राहून ऐकत होती. कुणी एकदाही हसलं नव्हतं, हे आठवून तर त्यांना जास्तच लाज वाटली.

"आन् फोटू?" त्यांनी ऋषिराजला विचारलं.

ऋषिराज जवळ आला. सकाळपासूनची त्याची टाळाटाळ कुठल्या कुठं गेली होती. "सृष्टीनं लिवलं हुतं, तात्यांच्या बोटाला कळल्याबिगर आमचा गूळ उतरत न्हाय. ते खरं न्हवतं. खोटं छापायचं आन् तेबी तुमच्या हाताच्या फोटूखाली, ते मला जमंना. खरं छापायचं तर तुमाला सांगाय लागलं असतं. म्हणून म्हणलं, हातच नको."

सर्जेराव परातीपाशी खाली बसले. पाण्यातून त्यांनी दोन गोळ्या उचलल्या, एक मऊ, एक घट्ट. डोळे मिटून दोन्ही बोटांत फिरवल्या. बराच वेळ फिरवल्या. बोटांना काहीही कळलं नाही. डोळे उघडले तेव्हा मऊ गोळी त्यांच्या तर्जनीला चिकटून फोडावर लडबडली होती आणि त्याचाही त्यांना पत्ता नव्हता.

माणूस चोर धरायला जातो तेव्हा त्याला निदान चोर मिळावा एवढी तरी अपेक्षा असते. सर्जेरावांना घरभर फिरून शेवटी आपलाच हात सापडला होता. त्यांना रडू आलं. ते त्यांनी वाफेवर ढकललं, आणि शेडमधल्या सगळ्यांनी ती वाफच आहे असं मानून घेतलं.

सृष्टीनं मोबाइल केव्हाच तिपाईवरून उतरवला होता. तिनं ऋषिराजला हळूच विचारलं की आज थांबू की जाऊ. ते सर्जेरावांनी ऐकलं.

"पुढलं आदन साडेचारला उतरंल," ते म्हणाले. "तवर थांब. दगडाबाईला म्हणावं, पोरीला जेवाय वाढ."

ते तीन तास सर्जेराव ऑफिसात एकटेच बसून होते. आबांचा विचार करत होते. आबांनीही हात असाच शेवटपर्यंत सोडला नव्हता. आबा अंथरुणाला खिळले, वाचा जायची वेळ आली, तेव्हा परातच अंथरुणाशी मागवली आणि छत्तीस वर्षांच्या सर्जेरावाचं मनगट धरून त्याचा हात पाण्यात बुडवला. तोवर आपणही कितीदा पोत्यांआड उभं राहून चडफडलो होतो, तेही त्यांना आठवलं. आबांची शेवटची दोन वर्षं गूळ कडक निघायचा. आपण तोंड उघडलं नव्हतं. तेव्हाही ऊसच खराब निघत होता.

साडेचारला ते शेडमध्ये आले तेव्हा सगळे जागच्या जागी होते, फक्त कुणाला कुणाकडं बघायचं ते कळत नव्हतं. दगडाबाईसुद्धा दारात येऊन उभी राहिली होती. पोती कोपऱ्यात गेली होती.

"राजलक्ष्मी," त्यांनी हाक मारली. "हितं पुढं ये. माझ्या जाग्यावर."

ती आली. गुऱ्हाळ सांभाळणारा पुरुष ऋषिराज, तेव्हा सर्जेरावांनी त्याच्याकडं एकदा बघितलं. जुना संशय इतक्या लवकर जाणार कसा. याचं तोंड वाकडं होतंय का, हे त्यांना तपासायचंच होतं. ऋषिराजनं आपला उजवा हात वर करून दाखवला आणि मान हलवली. "माझ्या हाताला कवाच कळलं न्हाय, तात्या. दोन म्हयनं शिकलो. वहिनींच्या हाताला पयल्या दिवशी कळलं."

सर्जेरावांनी सुनेचं मनगट धरलं. सासऱ्यानं सुनेचा हात धरायची त्या घरात रीत नव्हती, आणि बाईनं काहिलीचा निवाडा करायची तर मुळीच नव्हती. दारातली दगडाबाई पदर तोंडाला लावून उभी होती. सर्जेरावांनी राजलक्ष्मीचा हात परातीतल्या पाण्यात बुडवला, क्षणभर तसाच धरून ठेवला आणि सोडून दिला. मग पळीभर रस स्वतः पाण्यात सोडला आणि दोन पावलं मागं सरले.

तिनं गोळी वळली. पुन्हा रस मागितला, पुन्हा वळली. मग पदराला हात न लावता, सगळ्यांना दिसेल असा, हात वर केला.

बिरदेवानं जाळ ओढला.

"घेटला का फोटू?" सर्जेरावांनी विचारलं.

"घेतला," सृष्टी म्हणाली. तिनं लॅपटॉप मांडीवर घेतला. "खाली राजलक्ष्मीताईंचं नाव टाकते. आणि तात्या, तुमच्याबद्दल काय लिहू?"

वेबसाइटवर गेलेला शब्द जगभर वाचतात, असं ऋषिराजनं सर्जेरावांना सांगितलं होतं. वाचणाऱ्यांत एखादे वेळी लोणी भापकरचा तो माणूसही असेल. त्याच्याकडं उद्या समक्षच जायला हवं होतं, ते काही वेबसाइटवर भागण्यासारखं नव्हतं.

"लिव," ते म्हणाले. "आधी पस्तीस वर्सं सर्जेरावांचा हात हुता. आबांनी हात दिला तो आंथरुणावरनं. सर्जेरावांनी उभ्यानं दिला."

"एवढंच?"

"एवढंच. आन् छापायच्या आधी मला वाचून दाखव. तुमच्यातल्या कुणाचा काय भरवसा न्हाय."

ऋषिराज हसला. राजलक्ष्मीही हसली, पण तिला डोळे पुसावे लागले. सृष्टीनं वाचून दाखवलं, सर्जेरावांनी पुन्हा एकदा वाचायला लावलं आणि मान डोलावली. तोवर दगडाबाई दुपारचंच मलम घेऊन शेजारी येऊन बसली होती. या खेपेला त्यांनी हात झटकला नाही, आपण होऊन पुढं केला. ती फोडावर हलक्या हातानं मलम लावत राहिली, आणि तिचं लावून कधी झालं ते कळावं म्हणून सर्जेराव आपल्या बोटाकडं टक लावून बघत राहिले.